करमणुकीच्या जागी राबणारी माणसे

कामगार म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे गिरणी उभी राहते, नाहीतर गोदी, रेल्वे, महानगरपालिकेचे सफाई खाते. जयंतीच्या भाषणांतही कामगार म्हणजे एवढेच. जिमखान्याच्या मैदानावर पहाटे रोलर ओढणारा, पोहण्याच्या तलावात ब्लीचिंग पावडर कालवणारा, क्लबाच्या संडासात फिनेल टाकणारी, व्यायामशाळेच्या टेबलाशी दहा तास उभी राहणारी, ही माणसे मात्र कोणाच्या हिशेबात नसतात. लोक तिथे खेळायला आणि मौज करायला येतात. मौजेच्या जागी कोणी आजारी पडतो, कोणी जायबंदी होतो, हे मौज करणाऱ्याला दिसत नाहीच, पण घरच्यांनाही दिसत नाही. माझी आई शेजारणीला सांगायची, "आमचा पोरगा क्लबात लागलाय." शेजारणीला वाटायचे, पोराची चैन आहे.

मी क्लबात लागलो तो गिरणी संपामुळे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या वडिलांची सूतखात्यातली नोकरी कायमची गेली. सूतखात्यातली म्हणालो, कारण आपल्या लोकांना विणकाम खात्यात पूर्वी घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नसे. विणकामात पगार जास्त होता. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२९ च्या संपाच्या सुमारास चव्हाट्यावर आणला, हे वडील आम्हाला जेवताना सांगायचे. नोकरीच्या जागी समानता म्हणजे काय, याचा माझा पहिला धडा तोच.

१९८४ साली मुंबईतल्या एका क्लबाच्या पंपरूममध्ये मी मदतनीस म्हणून लागलो. क्लबाचे नाव सांगत नाही, त्याने काही अडत नाही. तिथे मी २०१८ पर्यंत होतो. चौतीस वर्षे मी त्या तलावाचे पाणी निळे ठेवले.

निळे पाणी कसे राहते ते पोहणाऱ्याला माहीत नसते, म्हणून सांगतो. पाणी पंपाने ओढून वाळूच्या फिल्टरमधून फिरवायचे. फिल्टर तुंबला की उलट पाणी सोडून धुवायचा, त्याला बॅकवॉश म्हणतात. गढूळपणा बसावा म्हणून तुरटी. शेवाळ येऊ नये म्हणून मोरचूद. जंतू मरावेत म्हणून क्लोरीन. मोठ्या ठिकाणी ते सिलिंडरमधून येते, आमच्याकडे ब्लीचिंग पावडर होती. संध्याकाळी पिंपात पाणी घ्यायचे, त्यात पावडर टाकून लाकडी दांड्याने ढवळायचे, रात्रभर गाळ बसू द्यायचा आणि सकाळी वरचे निवळ पाणी तलावात सोडायचे. ढवळताना नाकाला रुमाल बांधायचा. डोळ्यांना काही नाही. मग छोट्या नळीत तलावाचे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, जितके पिवळे होईल तितके क्लोरीन. तलावाच्या फरशा पांढऱ्या शुभ्र दिसाव्यात म्हणून महिन्याकाठी ॲसिडने घासायच्या. हे सगळे मला कोणी शिकवले नाही. आमच्या मिस्त्रींनी एकच गोष्ट पहिल्या दिवशी बजावली होती, "ब्लीचिंगची बादली वेगळी, ॲसिडची वेगळी. दोन्ही एकत्र आली की तू गेलास." एवढ्या एका वाक्यावर मी चौतीस वर्षे निभावली.

मिस्त्री म्हणत होते ते अगदी शास्त्राचे होते. ब्लीचिंगवर ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड. तो वर जात नाही, जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो. पंपरूम बहुतेक ठिकाणी तळघरात असते, म्हणजे वायू बाहेर जायला वाटच नाही. अशा वेळी खाली वाकून बसणे हे सगळ्यात वाईट. वर चढायचे आणि वारा जिकडून येतो तिकडे जायचे. आपल्यापैकी ज्यांची पोरे असल्या कामावर आहेत, त्यांनी हे आज संध्याकाळीच घरात सांगावे.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे. महाडला चवदार तळ्यावर १९२७ साली काय घडले ते या पानांवर पुन्हा सांगायला नको. पण मला कायम वाटत आले आहे, की ज्या तलावाचे पाणी मी रोज तपासत होतो, त्यात मला कधी उतरता आले नाही. ते सभासदांसाठी होते. तिथे जातीचा नियम नव्हता, पैशाचा होता, हे कबूल. तरी पंपरूममध्ये, फरशा घासायला, संडास धुवायला आम्हीच, आणि टेबलाशी, हिशेबाला, कोच म्हणून दुसरे, ही वाटणी काय आपोआप होते? तलावावर काम करणाऱ्या आम्हा सातजणांपैकी पाचजणांना पोहता येत नव्हते. पाच माणसे रोज बारा फूट खोल पाण्याच्या काठावर ओल्या फरशीवर काम करतात आणि त्यांना पोहता येत नाही. हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि समानतेचाही. दोन्ही एकाच फरशीवर उभे आहेत.

खेळाच्या मैदानावरचा आपल्यासारख्या माणसाचा इतिहास काढायचा तर पळवणकर बाळूंपासून काढावा लागतो. त्यांचे नाव आपल्याकडे क्रिकेटपटू म्हणून घेतले जाते आणि ते बरोबरच आहे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघातून त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण बाळू आधी मैदानावरचे कामगार होते, हे आपण विसरतो. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना सरावाला चेंडू टाकायचे, अशी त्यांची सुरुवात. पुढे १८९२ च्या सुमारास साहेबांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे ते तासन्‌तास गोऱ्या खेळाडूंना चेंडू टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. नंतर हिंदूंच्या संघात नाइलाजाने घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येईना. मैदानात सगळे तोच चेंडू हाताळत, पण चहाच्या वेळी बाकीचे आत चिनीमातीच्या कपातून पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यातून देत. पुढे त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कप्तान झाले, पण त्याआधी थोरल्याला कप्तानपद मिळाले नाही ते नाहीच. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते, हेही खरे. त्याने त्या मातीच्या भांड्याची गोष्ट खोटी होत नाही.

आमच्या क्लबात मातीचे भांडे नव्हते. स्टीलचे पेले होते. सगळ्या नोकरमाणसांचे पेले स्वयंपाकघरामागच्या फळीवर असत, आणि सफाईवाल्यांचे चार पेले त्याच भिंतीवर, पण वेगळ्या खिळ्यांना लटकवलेले. कोणी कधी तोंडाने काही बोलले नाही. नवा सफाईवाला आला की त्याला हाताने खिळा दाखवायचे. १९८६ साली युनियनच्या एका कार्यकर्त्याने आम्हाला नागरी हक्क संरक्षण कायदा वाचून दाखवला. हा कायदा मूळ १९५५ चा. त्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला सार्वजनिक करमणुकीच्या जागी अटकाव करणे, भांडी वापरू न देणे, नोकरीत आडकाठी करणे, हे सगळे गुन्हे आहेत. करमणुकीची जागा हा शब्द तर संविधानाच्या कलम १५ मध्येच आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे असा तो उल्लेख आहे, आणि त्याच्या पुढेच विहिरी, तलाव, स्नानघाट. ज्यांनी तो लिहिला त्यांना नेमके ठाऊक होते, माणसाला कुठे कुठे अडवतात ते.

आम्ही तिघांनी सह्या करून व्यवस्थापकाला चार ओळींचे पत्र दिले. खाली कायद्याचे नाव आणि साल. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. आठ दिवसांत सगळे जुने पेले मोडीत गेले आणि एकसारखे चार डझन नवे आले. खिळे तेवढे भिंतीत राहिले होते, ते मी पक्कडीने उपटले.

कायद्याचा असा लगेच उपयोग होतो असे मात्र कोणी समजू नये. कायदा पुस्तकात असणे आणि तो पंपरूमच्या पायऱ्या उतरून खाली येणे, यात फार अंतर आहे. पूर्वी आमच्यासारख्यांना कारखाना कायदा लागूच नव्हता, कारण क्लब म्हणजे कारखाना नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि त्यांच्याच काळात कारखान्यातल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. क्लब, नाटकगृह, हॉटेल यांतल्या माणसांना आधार मिळाला तो १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने. त्यात करमणुकीच्या जागा स्पष्ट लिहिल्या होत्या. त्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. त्यात स्त्री कामगाराशी भरती, प्रशिक्षण, बदली, बढती किंवा वेतन यांत भेदभाव करता येणार नाही, असे कलम आहे. आणि केंद्राच्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत गोळा केले आहेत. त्यावर कामगार संघटनांचे पुष्कळ आक्षेप आहेत आणि त्यातले काही मलाही पटतात. पण त्यातली एक गोष्ट आपल्या पोरांनी घट्ट धरावी, ती म्हणजे नेमणुकीचे पत्र. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूक द्यायची आहे. का धरावी, ते माझ्या भाच्याच्या हकिकतीवरून कळेल.

माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा. बारावी नापास, पण हाताचा चलाख. उपनगरातल्या एका गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये ठेकेदारामार्फत तलावावर लागला. पगार ११,४०० रुपये. नेमणुकीचे पत्र नाही, पगारपत्रक नाही, पैसे हातावर. मी त्याला मिस्त्रींचे वाक्य सांगितले होते, पण तिथे बादली एकच होती. ठेकेदाराने दुसरी घेतली नव्हती. सत्तर रुपयांची बादली! एप्रिल २०१९ मध्ये उन्हाळी शिबिराची गर्दी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फरशा घासायला त्याने ॲसिड त्या बादलीत ओतले, तळाला आधीच्या माणसाने ठेवलेले ब्लीचिंग होते. पिवळसर हिरवा धूर उठला. त्याला घशात सुरी फिरवल्यासारखे झाले, खोकत तो जिन्याशी पोचला आणि तिथे पडला. वरच्या माळ्याने ओढून काढला म्हणून वाचला.

पहिले तीन दिवस जवळच्या खासगी दवाखान्यात, बिल ४१,००० रुपये. बहिणीने बचत गटाचे आणि माझे मिळून भरले. मग महापालिकेच्या रुग्णालयात. चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला, १५,००० रुपये आणि एक छापील कागद घेऊन. कागदावर लिहिले होते, की सदर इसम अपघाताच्या दिवशी कामावर नव्हता. बहीण सही करायला निघाली होती. ती धुणीभांडी करते, तिला १५,००० एकरकमी कधी दिसलेले नाहीत. मी म्हणालो, "ताई, थांब. पैसे परत दे, कागद ठेवून घे." तो माणूस कागद सोडीना. शेवटी भाचीने मोबाइलवर कागदाचा फोटो काढला. पुढे तो फोटोच उपयोगी पडला, कारण जो माणूस कामावर नव्हता त्याला १५,००० कशासाठी देत होता, याचे उत्तर ठेकेदाराला देता आले नाही.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. आपल्या बायाबापड्यांना तो फक्त गिरणीवाल्यांचा दवाखाना वाटतो. ठेकेदारही हेच म्हणाला, "क्लब म्हणजे कारखाना आहे का? इथे ईएसआय लागत नाही." आमच्या वस्तीतल्या एका वकील पोरीने त्याला निकाल दाखवला. बंगलोरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या क्लबाने सर्वोच्च न्यायालयात हेच म्हटले होते, आम्ही दुकान नाही. २०१४ साली न्यायालयाने सांगितले, की हा कल्याणाचा कायदा आहे, दुकान या शब्दाचा अर्थ संकुचित घ्यायचा नाही. पैसे घेऊन सेवा पुरवणारी जागा दुकानात येते. २०१६ मध्ये आपल्या मुंबई-पुण्याच्या शर्यतींच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबाच्या खटल्यात, केवळ शर्यतीच्या दिवसांपुरते कामावर येणाऱ्या तात्पुरत्या माणसांनाही ईएसआय लागू असल्याचे त्याच न्यायालयाने ठरवले. आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने देशाच्या क्रिकेट नियामक मंडळालासुद्धा ईएसआयच्या कायद्यापुरते दुकानच ठरवले. ही बातमी वाचून मी पोट धरून हसलो. एवढे श्रीमंत मंडळ, आणि कायद्याच्या दारात आमच्या नाक्यावरच्या वाण्याच्या रांगेत उभे! हसू आवरल्यावर ध्यानात आले, की यात अपमान कोणाचाच नाही. वाण्याच्या पोऱ्याला जे मिळते ते मैदानावरच्या माणसालाही मिळाले, एवढाच त्याचा अर्थ.

भाच्याची नोंद ठेकेदाराने केलेलीच नव्हती. पण मालकाने नोंद केली नाही किंवा वर्गणी भरली नाही, म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ कामगाराला लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. अपघाताची खबर मालकानेच द्यावी असेही नाही, जखमी माणसाने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीही दिली तरी चालते. आम्ही दिली. आता तो तिथे कामाला होता हे सिद्ध करायचे होते, आणि नेमणुकीचे पत्र तर नव्हते. गेटवरच्या वहीत त्याच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा होत्या. वॉचमन आपल्याच विहारातला, त्याने वही दाखवली. माळ्याने जबाब दिला, आणि त्यासाठी त्याला महिनाभर घरी बसवले, हेही लिहून ठेवतो. हेलपाटे किती मारले ते मोजले नाहीत. मध्ये लॉकडाउन आला. अखेर २०२१ मध्ये ७४ दिवसांचे तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे मंजूर झाले. वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला ३४२ प्रमाणे २५,३०८ रुपये. खासगी दवाखान्याचे ४१,००० काही मिळाले नाहीत. तेव्हा यश म्हणायचे की काय, ते वाचकांनी ठरवावे. मी एवढेच म्हणेन, की त्या दिवसापासून त्याच्याजवळ विम्याचे कार्ड आहे आणि त्या कार्डावर बहिणीच्या गुडघ्यांवरही उपचार झाले.

आपली माणसे ठेकेदारावर रागावतात आणि मालकाला सोडून देतात. तलाव ज्याचा आहे, जो त्यावर पैसा कमावतो, तोही बांधील असतो. क्लबाच्या कार्यालयात गेलो तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "तो आमचा माणूसच नाही." त्यांना मी विचारले, "मग आमच्या माणसाने तुमचा तलाव का धुतला?" ते कागद चाळू लागले.

बायांच्या बाबतीत आणखी वेगळे असते. माझी सून एका व्यायामशाळेत टेबलाशी बसते, म्हणजे उभी राहते, कारण बसायला खुर्ची ठेवलेलीच नव्हती. बसलेली मुलगी आळशी दिसते, असे मालकाचे मत. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या माणसांना बसायची सोय देणारे कलम कायद्यात घातले. केंद्राच्या नव्या संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था सांगितली आहे. माणसाला खुर्ची मिळावी म्हणून कायदा करावा लागतो! पण करावा लागतो, त्याला काय करणार.

खुर्ची आली. त्याहून मोठा प्रश्न एका सभासदाचा होता. रात्री साडेनऊनंतर फोनवर नको ते निरोप पाठवायचा. सुनेने मालकाला सांगितले तर तो म्हणाला, "वर्षाचे पैसे भरलेला गिऱ्हाईक आहे, दुर्लक्ष कर." आमच्या घरातही दोन मते झाली. मुलगा म्हणाला नोकरी सोड. आमची मंडळी म्हणाली, "तिनं का सोडावी? त्यानं येणं सोडावं." मला हे बोलणे आवडले. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्यात कामाचे ठिकाण म्हणजे काय याची यादी दिली आहे आणि त्या यादीत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा ही नावे घालून लिहिलेली आहेत. बाहेरून येणाऱ्या माणसापासूनही कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसे असतील तर तिथे अंतर्गत समिती हवी. कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. तिच्या व्यायामशाळेत सहाच माणसे. तिने स्थानिक समितीकडे अर्ज केला, निरोपांच्या प्रती जोडल्या. चौकशीची नोटीस आली त्याच आठवड्यात मालकाने त्या सभासदाचे पैसे परत करून त्याला काढले. सुनेला काढायचाही विचार त्याने केला असणार. केला नाही, एवढे खरे.

मोठ्या खेळाडू पोरींचीही अवस्था वेगळी नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये ऑलिंपिकचे पदक मिळवलेल्या कुस्तीगीर मुलीला दिल्लीत जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने अनेक क्रीडा महासंघांना नोटिसा काढल्या, की तुमच्याकडे कायद्याने सांगितलेली समितीच धड नाही. कायदा होऊन दहा वर्षे झाली होती. दुसऱ्या बाजूला ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने महिलांचे सामन्याचे मानधन पुरुषांइतके केले, कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. चांगलेच झाले. त्याच मैदानावर गवत काढणाऱ्या बाईला तिथल्या पुरुषाइतका रोज मिळतो का, हे मात्र कोणी विचारले नाही. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासून आहे आणि नव्या वेतन संहितेतही तो आला आहे. ठेकेदार त्यातून वाट काढतो ती अशी, की बाईच्या कामाचे नाव बदलतो. पुरुष करतो ती 'मैदान देखभाल', बाई करते ती 'हेल्परी'.

६ डिसेंबर २०२५ ची रात्र. चैत्यभूमीवरून आम्ही उशिरा घरी आलो, पाय भरून आले होते. सकाळी उठलो तर बातमी, गोव्यात अर्पोरा इथल्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसे मेली. मला आधी वाटले, पर्यटक. मग नावे-गावे येऊ लागली. मेलेल्यांत बहुसंख्य तिथे काम करणारे होते, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. मौज करणारे पुष्कळसे वाटा काढून सुटले. राबणारे धुरात गुदमरले. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले होते, मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेमझोनमध्ये लहान मुलांसह २७ गेले. प्रत्येक वेळी परवानग्यांची चौकशी झाली. माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. आग लागल्यावर कुठून पळायचे, हे त्या जागी काम करणाऱ्या माणसाला कोणी एकदा तरी चालून दाखवले होते का? जिथे दोनशे माणसे येतात तिथल्या भांडी घासणाऱ्याला बाहेरचा दुसरा दरवाजा माहीत असला पाहिजे आणि तो उघडाही असला पाहिजे. यासाठी कायदा वाचावा लागत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी स्वतः फिरून बघावे.

अलीकडे आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मी आणि ती वकील पोरगी टेबल टाकून बसतो. कोणाचे पगारपत्रक, कोणाचे विम्याचे कार्ड, कोणाचे नेमणुकीचे पत्र तपासायचे असते. मॉलच्या खेळघरात, वॉटरपार्कवर, टर्फवर कामाला जाणारी पोरे येतात. गेल्या महिन्यात चौदाजणांपैकी चौघांकडेच पत्र होते. बाकीच्या दहांसाठी अर्जाचा नमुना करून दिला. त्यातल्या तिघांना पत्र मिळाले, एकाला कामावरून कमी केले. त्याचे काय करायचे, हे या रविवारी ठरवायचे आहे.

भाच्याला पावसाळ्यात अजून खोकला लागतो. सध्या तो दुसऱ्या एका तलावावर आहे, तिथे बादल्या दोन आहेत, लाल आणि निळी, आणि त्यांवर त्याने स्वतः रंगाने नावे लिहिली आहेत. डॉक्टरांना विचारून त्याने महापालिकेच्या तलावावर सकाळी साडेसहाच्या वर्गात नाव घातले आहे. फी त्याची त्याने भरली. पहिल्या दिवशी पाण्यात उतरल्यावर त्याने आधी काय केले, तर ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. घरी येऊन मला म्हणाला, "मामा, क्लोरीन जरा कमीच टाकलंय त्यांनी."